सभासदाकडे काय मागावे?

2023 सालच्या ऑगस्ट महिन्यातील एका रविवारी सायंकाळी पाच वाजता आमच्या साहित्य मंडळाची वार्षिक सर्वसाधारण सभा बोलावलेली होती. सभासदांच्या नोंदवहीत 137 नावे होती. मंडळाच्या घटनेप्रमाणे एकपंचमांश सभासद, म्हणजे 28 जण, हजर असल्याशिवाय सभेचे काम सुरू करता येत नाही. साडेपाच वाजले तेव्हा वाचनालयाच्या खोलीत अकरा जण बसले होते. त्यांत अध्यक्ष, कोषाध्यक्ष आणि कार्यवाह या नात्याने आम्ही, असे तिघे तर पदाधिकारीच. नियमानुसार सभा तहकूब केली, अर्ध्या तासाने त्याच जागी पुन्हा भरवली आणि तहकूब सभेस गणपूर्तीची अट नसल्यामुळे अहवाल व हिशेब दहा मिनिटांत मंजूर झाले. इतिवृत्तात आम्ही 'सर्वानुमते' असा शब्द लिहिला. तो खोटा नव्हता. चहा मात्र चाळीस जणांचा सांगितला होता. तो किटलीत निवत राहिला.

आमची उभी हयात मध्यप्रदेश शासनाच्या नोकरीत गेली. कागद पुरा झाला की काम पुरे झाले, असे मानण्याची सवय त्या नोकरीत अंगी मुरते. 2019 साली आम्ही निवृत्त झालो आणि त्याच वर्षी मंडळाचे कार्यवाहपद आमच्याकडे आले. मध्यप्रदेश सोसायटी रजिस्ट्रीकरण अधिनियम, 1973 याच्या धारा 27 प्रमाणे कार्यकारिणीची यादी आणि धारा 28 प्रमाणे लेखापरीक्षित हिशेब आम्ही एकाही वर्षी उशिरा पाठवले नाहीत. आमच्या मंडळाची नस्ती कोणीही उघडून पाहावी; पृष्ठक्रमांकसुद्धा चुकलेला सापडणार नाही. त्या रविवारी प्रथमच आमच्या ध्यानी आले की नस्ती निरोगी आहे आणि मंडळ आजारी आहे.

खुर्च्या आवरीत असता एक वृद्ध सभासद मागे थांबल्या. वय चौऱ्याऐंशी. येथील शाळेत त्यांनी तीसएक वर्षे मराठी शिकवले, म्हणून सारे गाव त्यांना 'बाई' म्हणते. इयत्ता चौथीत आम्ही त्यांच्याच वर्गात होतो. त्यामुळे आमचे केस पांढरे झाले तरी त्या आम्हांस एकेरीच हाक मारतात. त्या म्हणाल्या, "अरे, एक विचारू? एक्केचाळीस वर्षं मी या मंडळाची वर्गणी भरते आहे. इतक्या वर्षांत मंडळानं माझ्याकडे वर्गणीखेरीज काही मागितलंच नाही रे. मला मोडी वाचता येते, हे तुमच्यापैकी कोणाला ठाऊक तरी आहे का?"

आम्हांस ठाऊक नव्हते. बाईंचे वडील संस्थानी दप्तरात कारकून होते आणि त्यांनी लेकीला लहानपणी घरीच मोडी शिकवली होती, हे त्या सायंकाळी प्रथम कळले. ज्या माळव्यात होळकरांची व पवारांची दप्तरे मोडीत लिहिली गेली, ज्या गावातील प्रत्येक जुन्या मराठी घराच्या माळ्यावर मोडी कागदांचे एखादे तरी गाठोडे आहे, त्या गावच्या साहित्य मंडळात मोडी जाणणारी एक बाई एक्केचाळीस वर्षे सभासद होती आणि मंडळाने तिला केवळ पावत्या दिल्या. त्यांतील अलीकडच्या पावत्यांवर आमचीच सही होती.

त्या रात्री आम्ही स्वतःच्या कारभाराचा हिशेब मांडला. निमंत्रणे आम्ही लिहीत होतो, ती छापून आणीत होतो, पाहुण्यांना स्थानकावरून आम्हीच आणीत होतो, परिचयाचे भाषण आमचे, आभार आमचे, वृत्तपत्रास पाठवायची बातमीही आमची. लोक कौतुकाने म्हणत, "साहेब आहेत, मग चिंता नाही." ते ऐकून बरे वाटे. वस्तुतः दुखणे त्या वाक्यातच होते. ज्या घरात एकच माणूस सारी कामे उरकतो, त्या घरातील इतर माणसे हळूहळू पाहुणी होतात. आमच्या सभासदांचे असेच झाले. यावे, बसावे, टाळ्या वाजवाव्यात, बशीतला चिवडा संपवावा आणि जावे, एवढेच त्यांच्या वाट्यास उरले होते. कोजागिरी असो, मराठी भाषा गौरव दिन असो, क्रम तोच.

पूर्वी एवढ्यावर चालत असे, त्यालाही कारण होते. आमच्या लहानपणी पुण्या-मुंबईचे मासिक पाहायचे तर मंडळाच्या टेबलावरच पाहायला मिळे. नवी कादंबरी हवी तर मंडळाच्या कपाटापुढे उभे राहावे लागे. मराठी नाटक, मराठी गाणे, मराठी व्याख्यान यांचे दार एकच होते आणि त्याची किल्ली मंडळाकडे होती. आज तीच व्याख्याने घरबसल्या हातातील फोनवर ऐकता येतात आणि पुस्तक चार दिवसांत दाराशी येते. केवळ काही मिळावे म्हणून मंडळात येण्याचे कारण उरलेले नाही. मात्र दोन गोष्टी एकट्याने घरी बसून होत नाहीत: आपल्याला जे येते ते दुसऱ्याच्या उपयोगी पाडणे, आणि चारचौघांत चुकत चुकत काही शिकणे. मंडळाने आता याच दोन गोष्टी द्याव्यात, असे आम्हांस वाटू लागले.

येथे एक खुलासा केला पाहिजे. मोठ्या सोहळ्यांविषयी आमची तक्रार नाही. इंदुरास 1917, 1935 आणि 2001 असे तीनदा अखिल भारतीय साहित्य संमेलन भरले. ग्वाल्हेरास 1928 व 1961 साली भरले आणि 1961 च्या त्या संमेलनाच्या अध्यक्षा कुसुमावती देशपांडे या त्या पदावरील पहिल्या स्त्री. विजया राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालील 2001 च्या संमेलनास आम्ही रजा काढून गेलो होतो आणि तो मांडव आजही डोळ्यांसमोर आहे. परंतु संमेलन हे लग्न आहे आणि मंडळ हा संसार आहे. लग्नात वऱ्हाड्यांनी नुसते बसून जेवले तरी चालते. संसारात प्रत्येकाला काही ना काही हाती घ्यावे लागते.

सभासद म्हणजे कोण, याविषयी आपल्या पूर्वजांची कल्पना आमच्यापेक्षा कितीतरी कडक होती. पुण्याची सार्वजनिक सभा 2 एप्रिल 1870 रोजी स्थापन झाली. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सर्वांचे सार्वजनिक काका, तिचे प्राण. त्या सभेत नुसती वर्गणी भरून प्रवेश नव्हता. ज्याला सभासद व्हायचे त्याने किमान पन्नास लोकांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे, असा नियम होता. आरंभीचे 95 सभासद सुमारे सहा हजार लोकांच्या वतीने तेथे बसले होते. या नियमाचा अर्थ आम्हांस उशिरा उमगला. पन्नास सह्या मिळवायच्या तर पन्नास दारी जावे लागते, सभा कशासाठी आहे हे पन्नास वेळा समजावून सांगावे लागते, आणि सांगता सांगता ते स्वतःला समजते. म्हणजे सभासद होण्याची क्रिया हेच त्याचे पहिले शिक्षण होते. अशा रीतीने आत आलेला मनुष्य प्रेक्षक होऊन बसत नाही. घरी गेल्यावर त्याला पन्नास जणांना उत्तर द्यायचे असते. आमच्या मंडळात प्रवेश किती सोपा! अर्जावर दोन सह्या आणि रोख रक्कम. जे इतक्या सहज मिळते ते सहज विसरलेही जाते.

दुसरे उदाहरण बडोद्याचे. सयाजीराव गायकवाड यांनी 1906 साली आपल्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. शाळेत शिकलेले वाचन पुढे गंजून जाऊ नये, म्हणून गावोगावी ग्रंथालये हवीत असे त्यांनी ठरवले आणि 1910 साली अमेरिकेहून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालास बोलावून स्वतंत्र ग्रंथालय खाते उघडले. ज्या गावी ग्रंथालय नव्हते तेथे लाकडी पेट्यांतून फिरती पुस्तके जाऊ लागली. महाराजांना साऱ्या गावांत आपल्या खजिन्यातून ग्रंथालये बांधून देणे अवघड नव्हते. त्यांनी तसे केले नाही. गावाने स्वतः काही रक्कम जमवावी, मग तितकीच प्रांत पंचायतीने आणि तितकीच सरकारने घालावी, अशी तिहेरी वाटणी ठेवली. गावाने हात हलवला नाही तर सरकारचाही हलत नसे. ज्याने आपला रुपया घातला तो पुस्तक फाटू देत नाही, हे त्या चतुर राजाला कळत होते.

त्या योजनेचा दुसरा भाग आमच्या विषयाशी अधिक जवळचा आहे. पुस्तके आली, कपाटे आली, परंतु ती सांभाळणारा कोण? म्हणून बडोद्यास 1911 साली ग्रंथपालनाचा प्रशिक्षण वर्ग सुरू झाला आणि पुढच्याच वर्षी ग्रंथालय विषयास वाहिलेले एक नियतकालिक निघाले. त्यात इंग्रजीबरोबर गुजराती आणि मराठी विभाग होते. काम करणाऱ्याला कामाचे शिक्षण, आणि शिकलेल्याने आपला अनुभव इतरांसाठी लिहावा याची सोय, अशा दोन्ही बाजू बडोद्याने शंभरहून अधिक वर्षांपूर्वी सांभाळल्या होत्या. आमच्या मंडळात मात्र कार्यकारिणीवर निवडून आलेल्या मनुष्यास जमाखर्च कसा ठेवावा, इतिवृत्त कसे लिहावे, पाहुण्यास पत्र कसे पाठवावे, हे कोणी कधी शिकवले नव्हते. सारे 'साहेबांना' येत होते ना!

तिसरे उदाहरण आम्ही प्रत्यक्ष पाहिले. 2024 च्या जानेवारीत हैदराबादेस भाच्याकडे गेलो होतो. तो 'टोस्टमास्टर्स' नावाच्या वक्तृत्व मंडळाचा सभासद आहे. 1924 साली कॅलिफोर्नियातील सांता ॲना गावी राल्फ स्मेडली या गृहस्थांनी पहिले मंडळ काढले आणि आता जगभर त्याच्या शाखा आहेत. भाचा म्हणाला, "मामा, चला, कंटाळा आला तर निघून येऊ." आम्ही गेलो आणि शेवटपर्यंत बसलो. तेथे पंचवीसेक माणसे होती आणि निम्म्याहून अधिक जणांकडे त्या दिवसापुरते काही तरी काम होते. एकजण घड्याळ लावून प्रत्येकाचा वेळ मोजत होता. एकजण भाषेतील चांगले-वाईट प्रयोग टिपत होती. एकाकडे 'अँ, ऊं' असे अडखळणे मोजण्याचे काम होते. प्रत्येक भाषण झाले की त्याचे मूल्यमापन करणारा दुसरा सभासद उठे. आधी काय साधले ते सांगे, मग काय सुधारावे ते सांगे. पुढच्या बैठकीत या भूमिका बदलतात. नवा मनुष्य पहिल्याच महिन्यात घड्याळ हाती घेतो. तेथे कोणी मोठा वक्ता नव्हता, इंग्रजीही बहुतेकांचे आमच्यासारखेच. तरी मधूनच उठून कोणी गेले नाही. ज्याच्या हाती घड्याळ आहे तो कसा उठून जाईल?

शिकण्याविषयी आमच्या नोकरीतीलही एक अनुभव येथे नोंदवतो. शासकीय सेवेत आम्ही अनेक प्रशिक्षणांना हजर राहिलो. सकाळी हजेरीपत्रकावर सही, मधे व्याख्यान, दुपारी भोजन, सायंकाळी प्रमाणपत्र. ती प्रमाणपत्रे एका जाड फाइलीत आजही आहेत. त्यांतून काय शिकलो, असे कोणी विचारले तर भोजनाचे तेवढे सांगता येईल. याउलट नोकरीच्या पहिल्या वर्षी एका छोट्या कार्यालयात एक बडे बाबू होते. शिक्षण मॅट्रिक. आम्ही पदवीधर, शिवाय त्यांचे अधिकारी. पहिल्याच आठवड्यात आमची नोटशीट त्यांनी दोन्ही हातांनी परत आणून ठेवली आणि नम्रपणे म्हणाले, "सर, इसमें फैसला क्या है, यह समझ में नहीं आया." आम्ही ती पुन्हा लिहिली. ती पुन्हा परत आली. तिसऱ्या खेपेस ते नुसते हसले आणि नस्ती पुढे गेली. पुढील पस्तीस वर्षे आम्ही जे काही बरे लिहिले ते त्या तीन खेपांच्या बळावर. शिकणे हे असे होते: काम खरे असावे, चूक स्वतःची असावी आणि ती दाखवणारा मनुष्य शेजारी बसलेला असावा. हजेरीपत्रकाने ते साधत नाही. जेथे तास मोजले जातात तेथे तासच भरतात.

हैदराबादेहून परतल्यावर आम्ही बाजारातून एक रेघी वही आणली. प्रत्येक पानावर उभी रेघ मारून दोन रकाने केले. डावीकडे 'काय येते' आणि उजवीकडे 'काय शिकावेसे वाटते'. मग नोंदवहीतील एकेका सभासदास फोन लावण्यास बसलो. रोज पाच, याप्रमाणे महिना लागला. 137 नावांपैकी नऊजण दिवंगत होते आणि त्यांची नावे कमी करण्याचे भान आम्हांस राहिले नव्हते, हे सांगताना लाज वाटते. तेवीसजण गाव सोडून गेले होते. चौदाजणांनी फोन उचलला नाही. उरलेल्या 91 जणांशी बोलणे झाले. बहुतेकांची पहिली प्रतिक्रिया एकच: "वर्गणी राहिली आहे का?" मंडळाकडून फोन येण्याचे दुसरे कोणतेही कारण त्यांना माहीत नव्हते.

त्या वहीचा डावा रकाना भरू लागला तसे आमचे डोळे उघडू लागले. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ गावातील जुन्या शिलालेखांची छायाचित्रे वीस वर्षे काढीत होते. एका वहिनींना सासूकडून आलेल्या चारशेवर ओव्या तोंडपाठ होत्या. महाविद्यालयात शिकणारा एक मुलगा ध्वनिमुद्रण उत्तम करीत होता. परंतु वडिलांच्या नावावर सभासदत्व असल्यामुळे तो आमच्या हिशेबी नव्हताच. उजवा रकाना अधिक बोलका होता. तिशी-चाळिशीतील बऱ्याच जणांनी एकच गोष्ट सांगितली. घरात मराठी बोलतो, शाळा हिंदी किंवा इंग्रजी माध्यमाची झाली. अक्षरे हिंदीमुळे वाचता येतात, पण चार ओळी मराठीत लिहायच्या म्हटले की हात थांबतो. 'ळ' कुठे आणि 'ल' कुठे, हे ठरत नाही. एक तरुण सून म्हणाली, "काका, तुमच्या कार्यक्रमाला आले की सगळे इतकं शुद्ध बोलतात, की मी तोंडच उघडत नाही." आम्ही ज्यांस उदासीन समजत होतो ती माणसे बुजलेली होती. 3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्र शासनाने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा आम्ही पेढे वाटले. परंतु पेढे वाटताना त्या सुनेचे वाक्य कानात होते. भाषा अभिजात ठरली आणि आमच्याच घरातील लेकरे तिच्या दारात अवघडून उभी आहेत.

मग कामास आरंभ केला. महिन्यातून एक रविवार व्याख्यानासाठी ठेवला आणि एक रविवार शिकण्या-शिकवण्यासाठी. कार्यक्रमाची कामे लहान लहान तुकड्यांत वाटली. कोणी निमंत्रण लिहावे, कोणी पाहुण्यांस आणावे, कोणी परिचय करून द्यावा, कोणी वेळ सांभाळावा, आणि दर वेळी निदान एक काम अशा मनुष्याकडे जावे ज्याने ते पूर्वी केलेले नाही. प्रत्येक नवख्याजवळ एक जाणता बसवला. ही शेवटची गोष्ट आम्हांस सर्वांत जड गेली. पहिलेच निमंत्रण त्या तरुण सुनेने लिहिले. त्यात 'व्याख्यानमाला' हा शब्द 'व्याख्यानमाळा' असा पडला होता. हात शिवशिवला. एकदा वाटले, आपणच दुरुस्त करून छापखान्यात द्यावे. बडे बाबू आठवले. कागद तिच्यापुढे ठेवला आणि म्हणालो, "यात एक अक्षर पुन्हा पाहाल का?" तिने पाहिले, शोधले, स्वतः सुधारले. आज तिचा 'ळ' आमच्यापेक्षा पक्का आहे.

सारे साधले असे नाही. हिशेब-लेखनाचा वर्ग आम्ही मोठ्या हौसेने काढला. पहिल्या रविवारी चौघे आले, दुसऱ्या रविवारी कोणीही नाही. विचार करता कारण सापडले. कोणीही तो मागितला नव्हता. तो आम्हांस शिकवायचा होता म्हणून काढला होता. दोन जुन्या सभासदांनी रागाने राजीनामे दिले. "आम्ही साहित्य ऐकायला येतो, खुर्च्या मांडायला नाही," असे त्यांचे म्हणणे. त्यांस आम्ही समजावू शकलो नाही. काम वाटून दिले की ते कधी कधी बिघडतेही: एकदा पाहुणे स्थानकावर पाऊण तास उभे होते. तो दिवस आम्ही कसा काढला ते आमचे आम्हांस ठाऊक. परंतु त्या चुकीनंतर ते काम ज्याच्याकडे होते तो मुलगा मंडळ सोडून गेला नाही. पुढच्या खेपेस गाडी येण्याआधी अर्धा तास फलाटावर हजर होता.

आणि मोडीचा वर्ग. 2024 च्या मार्चात तो बाईंच्या ओसरीवर सुरू झाला. नऊ विद्यार्थी, वय वर्षे एकोणीस ते एकाहत्तर. बाईंनी पहिल्या दिवशी फळ्यावर आधी आडवी रेघ ओढली आणि म्हणाल्या, "मोडीत आधी रेघ, मग अक्षर. अक्षरांनी तिच्याखाली लोंबायचं." ऱ्हस्व-दीर्घाचा भेद मोडीत नाही, हे ऐकून तरुण मंडळींचे चेहरे उजळले. बाई कोणाचीही वही तपासून परत देत तेव्हा चूक स्वतः सुधारीत नसत; चुकीच्या शब्दाखाली केवळ टिंब देत. तीन महिन्यांनी त्यांनी प्रत्येकास घरचा एक कागद आणावयास सांगितले. आमच्या घरी एक लांबट कागद पिढ्यान्‌पिढ्या देवघरात जपलेला आहे. पणजोबांना मिळालेली इनामाची सनद म्हणून दसऱ्याला त्यावर आम्ही गंध-फूल वाहत आलो. तो आम्ही सर्वांसमक्ष, काहीशा ऐटीत, उलगडला. एकोणीस वर्षांच्या मुलाने अडखळत वाचला. ते एका सावकाराचे कर्जखत निघाले: पणजोबांनी बैलजोडीसाठी 75 रुपये उचलले होते आणि दिवाळीपूर्वी फेडण्याचे कबूल केले होते. ओसरीवर क्षणभर शांतता, मग हशा. तेवढ्यात त्या मुलाने कागद उलटा केला आणि पाठीवरची बारीक ओळ वाचली: रुपये पावले, बाकी नाही. पणजोबा जहागीरदार नव्हते, पण शब्दाचे पक्के होते. खोट्या सनदेपेक्षा ही ओळ आम्हांस अधिक मोलाची वाटली. दसऱ्याला गंध-फूल आजही वाहतो. आता ते कळून वाहतो.

बाईंनी अकरा महिने शिकवले. मग डोळ्यांनी दगा दिला आणि लेकीने त्यांना पुण्यास नेले. शेवटचे तीन रविवार तो वर्ग त्यांच्याच एका विद्यार्थिनीने घेतला. बाई खाटेवर बसून नुसते ऐकत होत्या आणि चूक झाली की बोटाने खाटेच्या पाटीवर टकटक करीत होत्या. एक्केचाळीस वर्षे आम्ही विचारले नाही आणि विचारले तेव्हा हाती अकरा महिने उरले होते, याचे शल्य राहील. परंतु नऊजणांपैकी पाचजण आज साधा मोडी कागद वाचू शकतात. ते ज्ञान आमच्या गावात राहिले.

2025 च्या ऑगस्टातील वार्षिक सभेस 46 सभासद हजर होते. नोंदवहीत आता नावे 112 च आहेत. आकडा घटला म्हणून आम्हांस वाईट वाटत नाही, कारण ही 112 माणसे आहेत. आधीच्या 137 पैकी कित्येक केवळ ओळी होत्या. वार्षिक अहवालात उपस्थितीच्या आकड्यांबरोबर आता आणखी एक आकडा देतो: या वर्षी किती जणांनी मंडळाचे एखादे काम आयुष्यात प्रथमच केले. गेल्या वर्षी तो 31 होता. आपल्या ज्या मंडळांना, वाचनालयांना आणि साहित्य सभांना गणपूर्तीची चिंता भेडसावते आहे, त्यांच्या कार्यवाहांना आमची एवढीच विनंती आहे की पुढचा पाहुणा पुण्याहून बोलावण्यापूर्वी एक रेघी वही आणावी आणि फोन हाती घ्यावा. आपल्या सभासदांत कोणती बाई बसली आहे, ते आधी पाहावे.

त्याच सभेत आम्ही कार्यवाहपद सोडले. ती तरुण सून आता मंडळाची कार्यवाह आहे. सूत्रे देताना नस्त्या, शिक्के, पावतीपुस्तके आणि ती दोन रकान्यांची वही तिच्या हाती ठेवली. तिने वही चाळली आणि विचारले, "काका, यात तुमचं पान कुठे आहे?"

आम्ही 137 नावे घेऊन बसलो होतो. त्यांत स्वतःचे पान करण्याचे आमच्या मनातही आले नव्हते. तिने तेथेच नवे पान काढले. डावीकडे 'इतिवृत्त-लेखन' असे लिहिले आणि पुढच्या महिन्याचा रविवार आमच्या नावे लावूनही टाकला. मग लेखणी उजव्या रकान्यावर टेकवून ती आमच्याकडे पाहत राहिली. उत्तर देण्यास आम्हांस बराच वेळ लागला. शेवटी म्हणालो, "त्या वहिनींच्या चारशे ओव्या. दळताना म्हणतात तशा, चालीवर."

तिने ते लिहून घेतले. पहिला धडा येत्या रविवारी आहे.